फी भरून स्वयंपाक

आमच्या बडोद्यात कुठलीही चांगली गोष्ट निघाली की ती महाराजांच्या खात्यावर जमा होते. आजवा तलावाचं पाणी, गावोगावची वाचनालयं, कमाटीबागेतली झाडं, सगळं महाराजांचं. मुलींच्या शिक्षणाचा विषय असेल तर पुढचं ऐकायलाही कोणी थांबत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सयाजीरावांची तसबीर देवघराशेजारच्या भिंतीवर होती आणि दसऱ्याला तिलाही हार पडायचा. तेव्हा त्यांचं श्रेय कमी करायला मी बसलेली नाही. पण ज्या होमसायन्समध्ये, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत, माझी आत्या शिकली, मी शिकले आणि आता भाची शिकते आहे, त्याची गोष्ट महाराजांपाशी सुरू होऊन महाराजांपाशीच संपत नाही. तिच्यात पुष्कळ बायका आहेत, आणि त्यातल्या दोघी-तिघींचीच नावं इमारतींवर लागली.

महाराजांचं काय ते आधी सांगून टाकते. 1881 साली राज्यकारभार हाती आला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. 1893 मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मुलगा असो की मुलगी, शाळेत घातलं नाही तर पालकांना दंड. शिकवायला बायकाच हव्यात म्हणून शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. त्या काळाच्या मानाने हे फारच होतं. पण त्याच कायद्यात मुलींची वयाची मर्यादा मुलांपेक्षा कमी होती. लग्नाचं वय दाराशी आलं की सरकारही अंग चोरून बाजूला व्हायचं. दंडाच्या धाकाने मुलगी चौथीपर्यंत नेता येते, कॉलेजात नेता येत नाही. त्यासाठी घरातलं कोणीतरी राजी असावं लागतं.

चिमणाबाई राणीसाहेबांना हे महाराजांपेक्षा जास्त कळलं असावं, असं मला वाटतं. या दुसऱ्या चिमणाबाई, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. पहिल्या चिमणाबाई 1885 मध्ये वारल्या आणि त्याच वर्षी या बडोद्याला आल्या. त्यांचं शिकणं सुरू झालं ते लग्नानंतर. म्हणजे लग्न झालेली बाई शिकू शकते की नाही हा वाद त्यांनी स्वतःवरच निकालात काढला होता. महाराजांबरोबर परदेश फिरल्या, भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर 1911 मध्ये इंग्रजीत सहलेखकाबरोबर पुस्तक लिहिलं, पुढे पडदा सोडला. आणि 1914 मध्ये स्त्री उद्योगालय सुरू केलं. बडोद्यातल्या मराठी घरांना राणीसाहेबांचं पुस्तक ठाऊक नसेल, उद्योगालय मात्र नक्की ठाऊक आहे. माझी आजी दुपारची झाकपाक उरकून तिथे शिवण शिकायला जायची. शिवण म्हटल्यावर कोणाची ना नव्हती. घरातून चार पावलं बाहेर पडायला शिवणाइतकं सोज्वळ कारण दुसरं कुठलं असणार!

1927 च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्ष या चिमणाबाईच. तेव्हा परिषदेचा मुख्य विषय शिक्षण हाच होता. याच परिषदेच्या खटपटीतून 1932 मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघालं, जिथे गृहविज्ञान हा कॉलेजात शिकवण्याचा विषय झाला. आणि याच परिषदेच्या पुढे एक अध्यक्ष झाल्या हंसाबेन मेहता. इथून धागा परत बडोद्यात येतो.

हंसाबेन म्हणजे बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहतांची मुलगी. बडोदा कॉलेजातून 1918 मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. जीवराज मेहतांशी लग्न केलं ते जातीबाहेरचं, आणि त्यांच्या नागर ब्राह्मण समाजात त्यावरून बरंच वादळ झालं. हेच डॉक्टर जीवराज पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. हंसाबेन संविधान सभेत होत्या. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज त्यांनी सभेच्या स्वाधीन केला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी शब्दरचना होती, ती त्यांनी हट्टाने बदलायला लावून ‘सर्व माणसं’ अशी करून घेतली. अशी बाई 1949 मध्ये आमच्या गावात विद्यापीठाची पहिली कुलगुरू होऊन आली.

विद्यापीठाचीही एक गंमत आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं 30 एप्रिल 1949 ला, आणि बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं 1 मे ला. मुलांमुलींनी एकत्र शिकायच्या विद्यापीठाची कुलगुरू स्त्री, हे देशात पहिल्यांदाच घडत होतं. हंसाबेन 1958 पर्यंत त्या जागेवर होत्या. 1950 मध्ये त्यांच्या काळात दोन नव्या फॅकल्टी निघाल्या, फाइन आर्ट्स आणि होमसायन्स. फाइन आर्ट्सवर पुढे जाडजूड पुस्तकं निघाली, देशोदेशीचे लोक ते पाहायला येतात. होमसायन्सच्या वाट्याला लोणच्याचे विनोद आले.

जिने ‘सर्व माणसं’ म्हणायला लावलं तिने मुलींसाठी गृहविज्ञान का काढावं, हा प्रश्न मला कॉलेजात असताना फार छळायचा. तेव्हा आम्हाला सगळं बंडखोर हवं असायचं. आता माझं उत्तर असं आहे की हंसाबेन दिवाणाच्या घरात वाढल्या असल्या तरी बडोद्यातल्या आया त्यांना नीट ठाऊक होत्या. पुरावा म्हणून माझ्याच घरातली गोष्ट सांगते.

आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून, विलीनीकरणानंतर मुंबई सरकारचे कारकून. आत्या त्यांची धाकटी मुलगी. मॅट्रिक झाली आणि होमसायन्सचं नाव निघालं, तेव्हा आजोबा म्हणाले म्हणे, “स्वयंपाक शिकायला फी भरायची? मग घरात तू काय करतेस?”

आजी म्हणाली, “अहो, माझ्याकडे शिकली तर कागद कोण देईल?”

हा ‘कागद’ आमच्या घरात म्हणीसारखा राहिला. पहिल्या सत्राची फी आजीने शिवणाच्या पैशातून दिली. आजोबांनी पैसे मोजून पाहिले आणि काही बोलले नाहीत. मुलगी बी.एस्सी. करणार असं कोणी सांगितलं असतं तर ते बोलले असते. बी.एस्सी.च्या पुढे कंसात ‘होम’ होतं म्हणून चाललं.

आणि आत गेल्यावर काय होतं? आत्याची एक वही माझ्याकडे आहे, खाकी कव्हरची, शाई फिकी पडलेली. पहिल्या पानापासून रसायनशास्त्र. शरीरशास्त्र, जंतुशास्त्र, मग आहारशास्त्र. एका प्रयोगात क जीवनसत्त्व मोजलंय. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या काचनळीत, निळा रंग, खाली फळाचा रस, थेंब थेंब सोडत जायचा आणि फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. आवळा, पेरू, लिंबू, सगळ्यांची हजेरी घेतलेली आहे आणि आवळ्याचा आकडा पाहून आत्याने शेजारी उद्गारचिन्ह काढलंय. पुढच्या पानावर कोबी: कच्चा, झाकण ठेवून शिजवलेला, झाकण न ठेवता, भरपूर पाण्यात. हे शिकून ती घरी आली आणि आजीला म्हणाली, भाज्या-डाळी शिजवलेलं पाणी टाकत जाऊ नकोस. आजी म्हणाली, “मी कधी टाकलंय? कटाची आमटी कशाची होते?”

आत्याची दुसरी कर्तबगारी म्हणजे मंगळबाजार. कापडाच्या वर्गात त्यांना धागा जाळून ओळखायला शिकवलं होतं. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला केस जळल्याचा, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. तेव्हापासून घरातली कुठलीही रेशमी खरेदी आत्याशिवाय होत नसे. पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा ओढून, दुकानदाराच्याच काडेपेटीने. काही दुकानदार तिला पाहिलं की मुकाट्याने आतलं गाठोडं काढायचे.

मी होमसायन्सला गेले सत्तरच्या दशकाच्या शेवटी, तोपर्यंत वाट मळलेली होती. आमच्या घरात तर चर्चाही झाली नाही. फतेहगंजच्या बाजूला निघालेल्या सायकली, एखादीची लुना, दोन वेण्या आणि खांद्याला शबनम. आमच्या वर्गात कोल्हापूरच्या, इंदूरच्या, नाशिकच्या मुली होत्या, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती मुली होत्या. बडोद्यात मुलगी एकटी राहू शकते अशी गावाची ख्याती होती आणि सरोजिनीदेवी हॉल हे हॉस्टेलचं नाव बाहेरगावच्या वडिलांना पाठ असायचं. विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्या आम्हा मुलींचं पहिलं सत्र प्रोटीन आणि एन्झाइमची स्पेलिंगं घोकण्यात गेलं.

सगळ्यात जास्त आठवतं ते होम मॅनेजमेंटचं घर. काही मुलींनी मिळून तिथे राहायचं आणि संसार चालवायचा. ठरावीक बजेट हातात. एकजण मॅनेजर, एकजण स्वयंपाकाला, एकीकडे साफसफाई, एकीकडे पाहुण्यांचं, आणि ही कामं फिरत राहायची. कोणत्या कामाला किती वेळ लागला, ओट्यापासून सिंकपर्यंत किती फेऱ्या झाल्या, सगळं लिहायचं. कमी उत्पन्नाच्या बजेटची पाळी आली की खरी परीक्षा, कारण तेलाची बाटली महिनाअखेर कुठल्या चेहऱ्याने पाहायची असते ते तेव्हा कळतं. भांडणं मात्र वरणावरून व्हायची. गुजराती मैत्रिणी आमटीत गूळ घालायच्या तो इतका की आम्हाला ती खीर वाटायची, आणि आमचा गोडा मसाला पडला की त्या नाक मुरडायच्या. शेवटी दोन पातेली चढली आणि मॅनेजरने वहीत इंधनाचा जादा खर्च ‘सांस्कृतिक कारण’ म्हणून मांडला. तपासणाऱ्या मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली होती.

बायकांचं घरकाम मोजता येतं, ही गोष्ट मला त्या घरात पहिल्यांदा दिसली. आईला मी फेऱ्यांचा तक्ता दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि बाबांच्या हातात नेऊन दिला. बाबांनी पाण्याचा पिंप ओट्याजवळ हलवला.

मग गावांमधलं काम. 1975 च्या 2 ऑक्टोबरला देशभरात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपण अंगणवाडी म्हणतो ती, सुरू झाली होती. आमच्या शिक्षणातलं बाळांचं पोषण आता पुस्तकातून बाहेर येऊन एसटीच्या मागच्या सीटवर बसलं होतं. आणि इथे त्या कॉलेजचं जे मोल मला वाटतं ते सांगायलाच हवं.

सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न लागतं. गरीब घरात ते म्हणजे पिठाची पेज. पीठ शिजलं की फुगतं, घट्ट होतं, बाळाला गिळवत नाही. मग आई पाणी घालते. पातळ पेज बाळ पितं, पोट टम्म होतं आणि अंगाला काही लागत नाही, कारण वाटीत बहुतेक पाणीच. आमच्या अन्न आणि पोषण विभागाच्या प्राध्यापक तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं. गव्हाला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं आणि ते स्टार्च तोडतं. घट्ट शिजलेल्या पेजेत या पिठाची चिमूट-चमचा टाकून ढवळलं की डोळ्यांदेखत ती सैल होते. पाणी न वाढवता. त्यामुळे त्याच वाटीत जास्त पीठ बसतं आणि बाळाच्या पोटात खरं अन्न जातं. ना कारखाना लागत, ना डबा विकत आणावा लागत.

मी हे घरी सांगितलं तेव्हा आजी होती. ती म्हणाली, “हे नाचणीचं सत्त्वच की.” बरोबर होतं तिचं. मोड आणून सत्त्व करायची रीत घराघरात होती. पण किती पिठाला किती चमचा, किती वेळाने पेज सैल होते, त्यातून किती ऊर्जा वाढते, हे कोणी मोजून लिहिलं नव्हतं, आणि मोजल्याशिवाय सरकारच्या कुठल्याही योजनेत आजीचं म्हणणं जात नाही. माझ्या मते होमसायन्सने केलेलं मोठं काम हेच आहे. चुलीपाशी जे चाललं होतं त्याला प्रयोगशाळेत नेलं, आकडा दिला आणि परत चुलीपाशी आणून सोडलं.

पुढे मी आहारतज्ज्ञ म्हणून एका इस्पितळात नोकरी केली. तिथे मला पुष्कळ दिवस ‘पथ्यवाल्या बाई’ म्हणत. वॉर्डातल्या नातेवाइकांना वाटायचं, ही किचनची मुकादम, डब्यात मीठ कमी पडलं तर हिला बोलावं. एका डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “म्हणजे तुम्ही नक्की काय शिकलात?” मी त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशंटचं दिवसाचं पोटॅशियम तोंडी सांगितलं. त्यानंतर ते निदान ‘मॅडम’ म्हणू लागले.

पण सगळंच गोड नाही, आणि ते दडवलं तर माझ्या एका मैत्रिणीशी बेइमानी होईल. तिला कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंगला जायचं होतं. गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे. तिचे वडील म्हणाले, आधी होमसायन्स, मग बघू. ते ‘मग’ कधी आलं नाही. उत्तम गुण मिळवून पास झाली, लग्न झालं, नवऱ्याच्या कारखान्याचे हिशेब बघू लागली. आजही कलाभवनावरून गेलो की ती त्या घुमटांकडे बघत नाही, माझ्याशी मुद्दाम काहीतरी बोलत राहते. म्हणजे जे दार माझ्या आत्यासाठी उघडलं, तेच दार दाखवून हिला दुसऱ्या दारापासून वळवलं. घरच्यांनी होमसायन्सला ‘हो’ म्हणणं सोपं होतं म्हणूनच ते बाकीच्या ठिकाणी ‘नाही’ म्हणायलाही सोपं पडलं. हंसाबेनना हे दिसलं असणार. त्यांनी तरी काय करावं? 1950 मध्ये आजोबांसारख्या कारकुनाच्या खिशातून फी निघेल अशी एवढीच एक वाट होती. पण 1980 मध्येही तीच वाट दाखवत राहणाऱ्या वडिलांना मी आजोबांइतकी सूट द्यायला तयार नाही.

आणखी एक. बजेट, वेळेचा तक्ता, बाळाची पेज, हे सगळं मुलग्यांना शिकवावं असं त्या काळात कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्या भावाला अजून कुकरच्या किती शिट्ट्या विचाराव्या लागतात.

आता फॅकल्टीचं नाव बदललंय, फॅकल्टी ऑफ फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस. रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो तोंडाकडे बघतो, मग ‘होमसायन्स’ म्हटलं की मीटर टाकतो. भाची मानवविकास शिकते. विभागाच्या चेतन बालवाडीत कोपऱ्यात वही घेऊन बसते आणि एखादं मूल ठोकळे कसे रचतं, कोणाला देतं, कोणाचे हिसकावतं, ते लिहिते. ती आत्याशी बोलते तेव्हा मजा येते. आत्याचं म्हणणं, आम्हाला निदान आवळा तरी मोजायला मिळाला, तुम्ही नुसती पोरं बघता. भाची म्हणते, आत्याआजी, पोर मोजणं आवळ्याहून कठीण आहे. आत्याचं ऐकू येणं कमी झालंय, तरी हे मात्र बरोबर ऐकू येतं.

अगदी पहिल्या तुकड्यांतल्या मुली आज नव्वदीच्या घरात असतील किंवा पलीकडे. हंसाबेनच्या नावाचं ग्रंथालय आहे, महाराजांच्या नावाचं विद्यापीठ आहे, चिमणाबाईंचं उद्योगालय आहे. पण आमच्या आजीसारख्या, शिवणाच्या पैशातून फी भरणाऱ्या आयांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, ती फक्त घराघरांत तोंडी आहे. म्हणून मी आत्याला फोनच्या रेकॉर्डरसमोर बसवून बोलतं करते आहे. पहिल्या दिवशी ती तासभर फक्त हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवत होती, स्वतः हॉस्टेलला कधी राहिली नसताना.

तुमच्या घरात अशी कोणी आजी, आत्या, मावशी असेल, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, कुठलीही, तर तिच्याकडे वर्गाचा फोटो आहे का विचारा. असेल तर फोटोच्या मागे पेन्सिलने नावं लिहून घ्या, माहेरची आणि सासरची दोन्ही, कारण हजेरीपटात माहेरचं असतं आणि आपल्याला ओळख सासरच्याची असते. मग मला कळवा. आत्याकडच्या फोटोत मागच्या रांगेतल्या चौघी कोण, हे तिलाही सांगता येत नाहीये.